चिंधी बांधलेलं पडवळ

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका राज्यात एक शाळा होती. तिथं पाटी नव्हती की पुस्तक नव्हतं. निम्म्या जागेत मळा, निम्म्या जागेत चुली. राज्यातली पोरंपोरी तिथं रांधायला शिकायची. नियम एकच, पण कडक. आधी दोन वर्षं मातीत, मग चुलीपाशी. साली, देठं, राख, सगळं परत मळ्यातल्या खड्ड्यात जायचं आणि पुढच्या वर्षी भाजी होऊन चुलीवर यायचं.

मळा ठकूबाईच्या हाती होता. बाई तोंडाची फटकळ. पोरं तिला मावशी म्हणायची आणि टरकून असायची.

त्या मळ्यातलं पडवळ साऱ्या मुलखात नावाजलेलं. कोवळं, गोडसर, वास उग्र नाही, कडूपणा नावाला नाही. ठकूबाईच्या आजीनं वर्षानुवर्षं निवडून निवडून ते बी केलं होतं. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं.

ठकूबाई पोरांना शिकवायची, पडवळ सरळ वाढायला हवं तर टोकाला दोऱ्यानं खडा बांधा. पण वेलीवरचं जे सगळ्यात देखणं पडवळ असेल त्याला खडा नाही. त्याला ती आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ते वेलीवरच लाल होईपर्यंत पिकवायचं, बियांसाठी.

"चिंधीवालं पडवळ म्हणजे वेलीची लेक," ती सांगायची. "तिला सासरी धाडायचं. पानात वाढायचं नाही."

हौसा नावाच्या पोरीनं एकदा धांदलीत तसलं पडवळ तोडलं होतं. ठकूबाईनं तिला मारलं नाही. दिवसभर त्या वेलीसमोर बसवून ठेवलं. संध्याकाळी हौसा रडतच उठली आणि पुन्हा कधी चुकली नाही. मातीतही तीच पुढे, चुलीपाशीही तीच पुढे. ठकूबाईचा जीव होता तिच्यावर.

मग एकदा राजा शाळेत जेवला. भरलं पडवळ खाऊन खूश झाला, आणि खूश झालेल्या राजानं शाळेचं भलं करायचं ठरवलं. राजवाड्यातला मुख्य आचारी शाळेवर नेमला.

आचाऱ्यानं आल्या आल्या नाक मुरडलं. पोरांच्या नखात माती आहे म्हणाला. रांधायला शिकायचं तर दोन वर्षं चिखलात कशाला घालवायची? त्यानं पोरांना थेट चुलीपाशी नेलं. ठकूबाई भांडायला गेली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाई, या पोरांना राजवाड्यात जागा मिळतेय. तुम्ही त्यांच्या आड येणार आहात?"

ठकूबाई माघारी फिरली. एवढंच नाही, हौसा मळा सोडून जायला निघाली तेव्हा तिच्या नखातली माती ठकूबाईनंच काडीनं कोरून काढली. जन्मभर भांडलेली बाई नेमकी तिथं भांडली नाही.

पुढं मळा आणि चुली यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. खड्ड्याचा वास येतो म्हणून साली ओढ्यात जाऊ लागल्या. मळ्यात कुणी येईना. वीस पोरं मिळून आणायची तेवढे घडे ठकूबाई एकटी ओढ्यावरून आणू लागली. होईल तेवढं केलं तिनं. पण एका माणसाचे हात ते किती? बियांचं मडकं वेळेवर उन्हात निघालं नाही. जुनं बी बुरशीनं गेलं. उरलेलं मूठभर पेरलं, तर वेलींवर रोग पडला आणि एकामागून एक पिवळ्या पडल्या.

एकच वेल तगली. तिला तीन पडवळं लागली. ठकूबाईनं तिन्हींना चिंध्या बांधल्या.

नेमकं तेव्हाच शेजारचा राजा पाहुणा म्हणून यायचं ठरलं, आणि इथल्या राजाला त्याच्या पानात पडवळ हवं झालं. हौसा आता मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली पहिली होती. पडवळ झालं तर राजवाड्याचा मुदपाकखाना तिच्या हाती येणार होता. नाही झालं तर दुसऱ्या कुणाच्या. दुपारी ती भिंतीला वळसा घालून मळ्यात आली. कैक वर्षांनी आली. अंगावर रेशमी लुगडं होतं, ते तिनं दोन्ही हातांनी वर धरलं होतं.

"मावशी, तीन पडवळं हवीत."

"तिन्हींना चिंधी आहे. दिसतेय ना?"

"दिसतेय. पाहुणा काय रोज येणार आहे? वेल पुढच्या वर्षी येईल की."

"कशातून येईल? तुझ्या लुगड्यातून?"

हौसानं मान खाली घातली. ठकूबाईचा आवाज उतरला. महिनाभर थांब म्हणाली. पिकू दे, बी पोसू दे, मग हवं ते कर.

"पिकलेलं पडवळ राजाच्या पानात वाढू?" हौसा म्हणाली. "कोवळंच तोडावं, हे तुम्हीच शिकवलंत मला."

ती तशीच परत गेली. ठकूबाईला वाटलं, पोरगी शहाणी आहे, समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई ओढ्यावर पाण्याला गेली. घडा घेऊन आली तर वेल रिकामी. खाली दगडावर तीन चिंध्या ठेवलेल्या. फाडून टाकलेल्या नाहीत. गाठी नीट सोडवून, घडी घालून ठेवलेल्या. ठकूबाईनं शिकवलं होतं तशाच.

पंगत झाली. पाहुण्या राजानं पडवळाचा एक घास घेतला, आपल्या घोड्यांबद्दल बोलत राहिला आणि पान तसंच बाजूला सारलं. मुदपाकखाना मात्र हौसाला मिळाला.

ठकूबाईनं ओढ्याकाठी पडलेला गाभा गोळा केला. बिया पांढऱ्या, भातासारख्या मऊ. यातून काही उगवत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी वाळवल्या. तरी राखेत ठेवल्या. मृगात पेरल्या, घड्याघड्यानं पाणी घातलं. एक कोंब आला नाही.

पुढच्या वर्षी राजानं पुन्हा पडवळ मागितलं. आचाऱ्यानं बाजारातून भलतंच बी आणून लावलं होतं. ते पडवळ कडूजहर निघालं. हौसानं गूळ घातला, चिंच घातली. राजानं घास थुंकला. आचाऱ्यानं सांगितलं, हिच्या हातालाच चव राहिली नाही. हौसाला राजवाड्यातून काढलं आणि राजाचं मन शाळेवरून उडालं. चुली विझल्या, पोरं पांगली.

हौसा मळ्यात आली. या खेपेला लुगडं चिखलात लोळत होतं, तिला भान नव्हतं. ती वेलीच्या जागी बसली आणि हातांनी माती उकरू लागली.

"मावशी, कुठून खणू सांगा. आता मी इथंच राहते."

ठकूबाईला राग यावा तर तोही येईना.

"खण कुठूनही," ती म्हणाली. "माती आहे, पाणी आहे, आता तूही आलीस. पेरायला काय आणलंस?"

हौसानं हात उघडले. नखं मातीनं भरली होती आणि ओंजळ रिकामी होती.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात धरा: माती विसरलेला हात आजच्या एका पानासाठी पुढच्या साऱ्या पिढ्यांचा घास चिरतो.