मोराचा पिसारा आणि कडेची पट्टी

१४ डिसेंबर. सकाळी धुकं, मग कोरडं ऊन. यंत्रं बोलायची, त्या काळची गोष्ट. इंदुताईंच्या स्टिकरच्या दुकानात जुन्या विनाइलचा, म्हणजे स्टिकरच्या चिकट प्लास्टिकचा, शेवटचा तुकडा उरला होता. त्यावर मोर छापलेला, पिसारा थेट काठाला टेकलेला.

कापणी यंत्राचं चाक म्हणालं, "तुकडा पुढे सरकवताना मला धरायला कोरा काठ लागतो. पिसारा छाटा."

"मग लोक मला कोंबडी म्हणतील," मोर रडवेला झाला.

कचऱ्यातल्या पट्टीने ते ऐकलं. ती त्याच रोलची कापून टाकलेली कोरी कड; एकेकाळी दोघं एकाच गुंडाळीत निजायची.

"ताई, मला त्याच्या कडेला जोडा," ती म्हणाली. "चाकाला मला धरायची सवय आहे."

इंदुताईंनी चिकटपट्टीने तिला जोडलं. चाक तिच्यावरून फिरलं, सुरी मोराभोवती.

मोर पिसाऱ्यासकट अख्खा निघाला. पट्टी चाकाचा वळ घेऊन कचऱ्यात गेली.