लाल गाडीचे गुळगुळीत टायर

मोटारींना वाचा होती, त्या काळी एका घाटमाथ्यावर शर्यतीची लाल गाडी राहायची. टायर झिजले म्हणून ती दुकानात गेली.

"बारमाही टायर घे बाई. तुझ्या घाटात ऊन, धुकं, पाऊस सगळंच असतं," दुकानातला गाड्या उचलणारा म्हातारा जॅक म्हणाला.

"ते टेम्पोला शोभतात! मला शर्यतीचे गुळगुळीतच हवेत," गाडी फणकारली.

आठवड्यातच वळणावर सर आली. गाडी घसरून कठड्यावर आदळली, दिवा फुटला. "दगाबाज टायर!" ती किंचाळली.

टायर संतापले. "दगाबाज आम्ही? आम्ही कोरड्या मैदानासाठी जन्मलो. ओला रस्ता धरायला अंगावर खाचा लागतात. त्यांना नाक तू मुरडलंस! घाट तुझा, निवड तुझी, आणि शिव्या आम्हाला?"

उरलेला घाट लाल गाडी बैलगाडीच्या चालीनं उतरली.