काचेचा रस्ता आणि येसूची बाभूळ

कोणे एके काळी, म्हणजे निवडणुकीला दोन महिने उरले असताना, खडकवनावर दंताजीराव रानडुक्कर राज्य करत होते.

राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी योजना काढली. जंगलाभोवती काचेच्या छताचा गोल रस्ता बांधायचा. खालून ससे चालतील, वरच्या मजल्यावरून माकडं, आणि कुणाच्या अंगावर थेंब पडणार नाही. जंगलात काच कुणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे विरोध झाला नाही.

सभेत दाखवायला रस्त्याचा नमुना गवताने विणायचं काम येसू नावाच्या सुगरण पक्ष्याकडे आलं. विणकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण येसूने आधी नकाशा पाहिला. रस्ता विहिरीवरच्या बाभळीतून जात होता, आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांची घरटी त्याच बाभळीला लटकत होती. जरा वळण द्या, असं त्याने प्रधान सुभानराव मुंगसांना विनवलं. प्रगती सरळच जाते, असं सुभानराव म्हणाले. गोल रस्ता सरळ कसा जाईल, हे विचारायचं येसूने टाळलं.

तो विणायला बसला. सुगरणींची रीत अशी, की नराने घरटं अर्धंच विणायचं. मादी येऊन पाहते. तिला पसंत पडलं तरच पुढचं. येसूच्या चोचीला तेच वळण. सभेच्या दिवशी पडदा सरला, तेव्हा नमुन्यात राजांच्या गुहेपासून निघालेला रस्ता बाभळीच्या वीतभर अलीकडे संपला होता.



"उरलेला कुठे आहे रे?" राजांनी विचारलं.

"सरकार, आमच्यात आधी अर्धंच दाखवतात. पसंत पडलं तर पुढचं."

राजांनी नमुना एकदा पाहिला. मग सभेकडे वळले. "बंधू-भगिनींनो, अर्धं आम्ही केलं. उरलेल्या अर्ध्यासाठी तुमचा आशीर्वाद हवा."

सशांनी टाळ्या वाजवल्या. माकडांनी जागच्या जागी घोषणा रचली: अर्धं झालं, अर्धं करू, दंताजींचेच पाय धरू.

दंताजीराव तिप्पट मतांनी निवडून आले. काही मतं तर शेजारच्या जंगलातूनही पडली.

येसूने मात्र हिशेब केला. नमुना पसंत पडला, म्हणजे पुरा करणं आलं, म्हणजे बाभूळ गेली. तो सुभानरावांकडे गेला आणि पुढचं कधी विणायला घेऊ, असं पडेल आवाजात विचारलं. वारुळावर ऊन खात बसलेले सुभानराव मनापासून हसले.

"येसोबा, तुमच्यात पसंत पडल्यावर काम पुढे नेत असतील," ते म्हणाले. "आमच्यात पसंत पडल्यावर थांबवतात."