विरजणाची वाटी

एकदा एक कापडाचा व्यापारी घर विकत घ्यायला निघाला. घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. शेजार कसा पाहावा, हे मात्र कोणी म्हणून ठेवलेलं नाही. त्यामुळे निवृत्ती, म्हणजे हा व्यापारी, चारचौघांसारखाच भिंती, छप्पर आणि विहिरीचं पाणी पाहत हिंडत होता.

त्याला घाई होती आणि घाईला कारण होतं. घरात तो आणि त्याची वृद्ध आई, अशी दोघंच. अलीकडेच तो दुकानात असताना आई माजघराच्या पायरीवरून घसरली. उठता येईना, म्हणून दुपारभर तिथेच पडून राहिली. भिंतीला भिंत लागून शेजारी होते, तरी संध्याकाळी निवृत्ती येईपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. "हाक का नाही मारलीस?" त्यानं विचारलं. "ज्यांच्याशी कधी दोन शब्द बोललो नाही, त्यांना काय म्हणून हाक मारू रे? लाज वाटली," आई म्हणाली. निवृत्तीनं सगळा दोष पायरीला दिला आणि सपाट फरशीचं घर शोधायला लागला.

दोन घरं नजरेत भरली. निवड करताना एक जाणतं माणूस सोबत असावं, म्हणून लहानपणी ज्यांच्यापाशी शिकला त्या वृद्ध गुरुजींना त्यानं बरोबर घेतलं.

पहिलं घर टेकडीवर होतं. नवं, हवेशीर, पायरीचं नावही नाही. निवृत्ती फरशीवरून हात फिरवत होता, तेवढ्यात गुरुजी बाहेर पडले. त्यांनी पिशवीतून चिनी मातीची एक वाटी काढली आणि शेजारच्या फाटकाशी जाऊन विरजण मागितलं. निवृत्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गुरुजी, ती वाटी पिशवीत तरी ठेवा," तो कुजबुजला.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" गुरुजी म्हणाले.

शेजारचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी दह्याचं भरलेलं मडकंच आणून हातात ठेवलं. "सगळं न्या. मडकं परत करायची तसदी घेऊ नका," असं हसून म्हणाले आणि फाटक लावून घेतलं. असं उदार माणूस शेजारी लाभणार, म्हणून निवृत्ती मनातून सुखावला.

दुसरं घर खालच्या आळीत होतं. जुनं, दारासमोर दार, आणि वर चढायला पायऱ्या. समोरच्या ओट्यावर गिरजाकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी वाटी पुढे करताच त्यांनी आधी चौकशीच मांडली. कोण तुम्ही, घर कोणासाठी बघताय, माणसं किती, आईंना दिसतं ना नीट, गुडघे कसे आहेत? सगळं विचारून झाल्यावर आत जाऊन जेमतेम चमचाभर विरजण घेऊन आल्या. "पुरतं एवढं. दही कसं लागलं ते उद्या सांगा. आणि परत लागलं तर दिवेलागणीच्या आत या. दिवा लावल्यावर आमच्यात विरजण देत नाहीत."

आळीबाहेर पडल्यावर गुरुजी म्हणाले, "हे घर घे."

"इथे तर पायऱ्या आहेत. शिवाय बाई फार चौकस दिसतात."

"पायऱ्यांना कठडा बसवता येतो. आणि आईला सांग, रोजचं दही रोज संपवायचं. विरजणापुरतंही मागे ठेवायचं नाही. ते रोज समोरून आणायचं."

आता मात्र निवृत्ती दुखावला. "गुरुजी, आमच्या घरात मागायची रीत नाही. माझ्या वडिलांनी जन्मात कोणाकडे काडेपेटीसुद्धा मागितली नाही."

"म्हणून तर सांगतो," एवढंच बोलून गुरुजी चालू लागले.

गुरुवचन मोडवेना, म्हणून त्यानं ते घर घेतलं. आई पहिल्यांदा गेली ती अगदी संकोचून. पण हळूहळू उन्हं कलली की ती कठड्याला धरून उतरायची, वाटी घेऊन समोर जायची आणि चमचाभर विरजणासाठी तासभर बसायची. कधी वाटीत लसणाची चटणी घालून न्यायची, कारण कोणाच्या दारी रिकामं भांडं नेऊ नये, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. निवृत्तीला मात्र ती वाटी खुपतच राहिली.

मग एका संध्याकाळी तो दुकानातून परतला, तर घराचं दार सताड उघडं आणि ओट्यावर चपलांची गर्दी. तो धावतच घरात शिरला. आत आई बाजेवर पडलेली होती, वैद्य तिची नाडी पाहत होते आणि चुलीपाशी गिरजाकाकू कोमट दुधात विरजण ढवळत होत्या.

"घेरी येऊन पडल्या होत्या," काकू त्याला म्हणाल्या. "आता बऱ्या आहेत. दिवेलागण होत आली तरी आजी आल्या नाहीत. म्हटलं, त्या काही वेळ चुकवायच्या नाहीत. म्हणून मीच वाटी घेऊन आले."

वैद्यही म्हणाले, वेळेवर सापडल्या. निवृत्तीला रडू आलं, आणि त्यानं ते आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गुरुजींकडे गेला. "आधीच का नाही उलगडून सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू हो हो म्हणाला असतास आणि आईला वाटी घेऊन जाऊ दिलं नसतंस," गुरुजी म्हणाले. "टेकडीवरचा गृहस्थ वाईट नव्हता. पण त्यानं मडकंभर देऊन आपला विषय संपवला. हिनं चमचाभर दिलं आणि उद्याचं बोलावणं केलं. निवृत्ती, ज्याला कोणाचं काही लागत नाही, तो एखाद्या दिवशी दिसला नाही, तर कोणाला काही कळत नाही. तुमच्या जुन्या घरी पायरीनं काही बिघडवलं नव्हतं. तिथे तुमची वाट पाहणारं कोणी नव्हतं."

त्या संध्याकाळी आईला उठायची मनाई होती, आणि घरातलं दही रीतीप्रमाणे संपलेलं होतं. निवृत्तीनं वाटी विसळली, तिच्यात चिमूटभर साखर घातली आणि दिवेलागणीच्या आत, आयुष्यात प्रथमच, तो समोरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काकू," तो म्हणाला, "थोडं विरजण द्याल?"

घर घेताना भिंती जरूर ठोकून पाहाव्यात. पण आपण एखाद्या दिवशी दिसलो नाही, तर या आळीत कोणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल का, हेही एकदा पाहून घ्यावं.