चिंचेच्या कुंडीतला लव्हाळा

"पण मुळासकट जायला काहीतरी उपाय असेलच ना, अज्जा?"

मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं.

अज्जा म्हणजे आमच्या मठाचे म्हातारे स्वामी. मास्तर म्हणजे दिगंबर नेर्लीकर, आमच्या हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. एका पोराचं बटण तुटलेलं दिसलं तर अख्ख्या वर्गाला उन्हात उभं करणारा माणूस. मी त्यांचा मार खाल्लाय, तेव्हा मला त्यांचं काडीचं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बाजूला शेंगा फोडत बसलो होतो.

मास्तरांच्या मांडीवर एक उथळ कुंडी होती. कुंडीत हातभर उंचीची चिंच, बोन्साय केलेली. अंगावर एक पान नाही. बुडाशी मात्र लव्हाळा, गवतासारखं तण, हिरवागार, नुसता माजलेला.

"लव्हाळा लई चिवट," अज्जा म्हणाले.

"मला शिकवू नका. वरून उपटला की खाली गाठ राहते, गाठीतून परत फुटतो. म्हणून मी वरून उपटतच नाही." मास्तरांनी खिशातून विणकामाची सुई काढली. "आमच्या हिची. ही मातीत टोचत जायचं. गाठ लागली की उकरून काढायची. एक दिवस चुकवलेला नाही मी."

"रोज?"

"रोज!"

अज्जांनी चिंचेच्या वाळक्या फांद्यांकडं बघितलं.

"झाड कुणाचं?"

"मुलाचं. निनादचं." मास्तरांचा आवाज जरा खाली आला. "घर सोडून गेला तेव्हा म्हणाला, मला तर तुम्ही सुखानं राहू दिलं नाहीत, झाडाला तरी जगू द्या."

"काय केलं हुतं पोराला?"

"काय करणार? वळण लावलं. सिगारेट सापडली, सोडवली. मित्र वाया गेलेले, तोडले. तबला वाजवायचं खूळ होतं, तेही काढलं डोक्यातून. बापानं नाही करायचं तर कुणी करायचं?"

"रोज?"

मास्तर सुईला लागलेली माती पुसत राहिले.

"परवा फोन आला त्याचा," ते म्हणाले. "गेल्यापासून पहिलाच. येत्या रविवारी येतोय. माझी तब्येत नाही विचारली. चिंच कशी आहे, एवढंच."

"मग?"

"छान आहे म्हटलं... अहो, लव्हाळा सगळं पाणी पितोय, म्हणून पानं गळलीत. तो गेला की फुटेल. रविवारपर्यंत घालवायलाच हवा. काहीही सांगा, मी करतो."

अज्जांनी कुंडी जवळ ओढली. अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडली. झाड जिवंत असलं तर सालीखाली हिरवं दिसतं. मास्तरांनाही हे ठाऊक होतं. पण त्यांनी खोडाला कधी नख लावलंच नव्हतं, सगळं लक्ष बुडाशी.

सालीखाली तपकिरी होतं.

अज्जांनी वर खरवडलं. तिथंही तपकिरी. फांदीला नुसता हात लावला, तर ती कट्कन मोडून त्यांच्या हातात आली.

"अहो, हळू!" मास्तर ओरडले. मग त्यांचं त्यांनाच कळलं.

"सुईला गाठ कुठली आन् मूळ कुठलं, कळत न्हाई," अज्जा म्हणाले.

"कधी... कधी मेलं हे?"

"कुणाला ठावं."

"मी आज सकाळीसुद्धा उकरलं, अज्जा. गाडीत बसायच्या आधी..."

मास्तर रडायला लागले. तोंड झाकायचंही भान नाही. हा माणूस असा रडताना दिसला तर बरं वाटेल, असं मला शाळेत असल्यापासून वाटायचं. नाही वाटलं.

मोडलेली फांदी अज्जांनी कुंडीच्या काठावर ठेवली.

"दुसरी चिंच आणतो," मास्तर एकदम म्हणाले. "एवढीच. कोल्हापूरला मिळेल. ह्याच कुंडीत लावतो. त्याला कुठं कळणार आहे?"

"कळंल."

मास्तरांचे खांदे पडले. सुई हातातून निसटून फरशीवर वाजली. त्यांनी ती उचलली नाही.

"मग मी काय करू?... तो एकदाच येणार, दारात उभा राहणार, आणि झाडाचं विचारणार. दुसरं काही नाहीच आमच्यात आता. काय दाखवू मी त्याला, अज्जा?"

अज्जांनी आपला पाण्याचा तांब्या मास्तरांकडं सरकवला. मास्तरांना वाटलं प्यायला दिलाय. त्यांनी तोंडाला लावायला उचलला. अज्जांनी त्यांचा हात धरून कुंडीकडं वळवला.

"हीच कुंडी दाखवा. आन् तंवर लव्हाळ्याला पाणी घालत जावा."