पंखांचं स्मारक

त्या माळावरचे सगळे पक्षी पायांनी चालत आणि स्वतःला आकाशाचे रहिवासी म्हणवत. सभ्य घरात पायांचा उल्लेख होत नसे. मांड्यांवर गवताची झालर बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नसे, आणि दाणे टिपायला निघालेला लावासुद्धा पंख जरासे फाकवून "आलोच एक भरारी मारून" असं सांगूनच निघे.

पिलांच्या बाबतीत रीत अधिक कडक होती. बारशालाच त्यांचे दोन्ही पाय गवताच्या काडीने एकत्र बांधत, म्हणजे म्हणे अंगातली सगळी ताकद पंखांकडे जाते. रवळी तितरीची पिलं मात्र अंड्यातून निघाली ती धावतच. तिने त्यांच्या मांड्या चोचीने चाचपून पाहिल्या. मांस सगळं वर, खाली नुसता सडपातळ पाय. वरचा स्नायू आवळला की आतली दोरी ताणली जाई, पंजा जमीन मागे रेटे आणि पिलू पुढे जाई. इतकी नामी व्यवस्था बांधून ठेवायची, याचा रवळीला मनापासून राग आला. चारचौघांत तिने गाठ मारली खरी, पण ओढली की सुटेल अशी. हे तिने कुणाला सांगितलं नाही. उगाच लोकांच्या तोंडी कोण लागणार!

कोल्हा आला तो उड्डाणोत्सवात, भर सभेत. अध्यक्ष माळढोकआप्पा त्या वेळी उंचीचं महत्त्व सांगत होते. शिष्टाचाराप्रमाणे सगळ्यांनी आधी पंख फडफडवले. मग झालरी फेकून जो तो पळत सुटला, आप्पा सर्वांत पुढे. रवळीने गाठी ओढल्या आणि तिची पिलं काटेरी झुडपात शिरलीसुद्धा. शेजारच्या लावीची पिलं मात्र पाय बांधलेली, जागच्या जागी फडफडत राहिली. त्यातलं एकही वाचलं नाही. रवळी पुष्कळ रडली. ती गाठ तिने लावीला दाखवली असती तर काय बिघडलं असतं?

पुढे चौकशी झाली.

"तुझी पिलं वाचली कशी?" आप्पांनी विचारलं.

"पळाली, आप्पा. तुमच्याच मागोमाग."

आप्पा समजूतदारपणे हसले. "बाई, भीतीने भ्रम होतो. ती उडाली. त्या दिवशी आपण सगळेच फार उंच उडालो."

सभेने माना डोलावल्या. लावी तेवढी रवळीच्या पिलांकडे बघत होती.

गेलेल्या पिलांच्या स्मरणार्थ दगडी पंखांची भव्य जोडी उभारायचं ठरलं. पंख देखणे झाले, पण उभे राहीनात. उभे केले की तोंडघशी पडत. शेवटी कारागिरांनी गुपचूप खाली दोन खांब दिले, वर जाड, खाली सडपातळ, टोकाला बोटांसारखे फाटे फुटलेले आणि जमिनीत घट्ट रुतवलेले. मग स्मारक हललं नाही.

अनावरणाच्या दिवशी साऱ्या माळाने माना उंचावून पंखांना वंदन केलं. लावी पुढे आली, खाली बसली आणि तिने त्यातल्या एका खांबाला डोकं टेकलं.