झरोक्यातला घास

त्या राज्यात उजेड नव्हता आणि त्याची उणीवही कुणाला भासत नव्हती. तिथली माणसं एकमेकांना वासावरून ओळखत, हाताच्या स्पर्शावरून ओळखत आणि खाल्लेल्या घासाच्या चवीवरून तर हमखास ओळखत. राज्याच्या मधून एक नदी वाहत होती. सरळ वाहणं तिला ठाऊकच नव्हतं. वळसे घेत, वेटोळी घालत, उगाच लांबचा रस्ता धरत ती जाई, आणि राज्य जे काही खाई ते सगळं तीच घेऊन येई. पाणी येण्याआधी फार वरून, आभाळापलीकडून एक आवाज यायचा, "एवढा एक घास घे." तो कुणाचा हे कुणी कधी विचारलं नाही. पाणी येण्याआधी गडगडायचंच, असं धरून सगळे आपापल्या कामाला लागत.

नदीच्या काठाने भिंत होती, एका विटेच्या जाडीची. एवढ्या मोठ्या राज्याने आपला सगळा भरवसा एका विटेवर टाकला होता, आणि ते त्याला पुरतही होतं. भिंतीच्या आतल्या अंगाला राखणदार राहत. बाहेर, पाण्याच्या कडेला, काठकरी राहत. काठकरी राज्याच्या रक्ताचे नव्हते. राज्य जन्मलं त्याच दिवशी ते आले, न बोलावता आले, आणि मग गेलेच नाहीत. राज्यात कुणालाही न पचणारा कोंडा, साली, चोथा नदीतून वाहत येई. काठकरी तो गोळा करीत, आंबवत आणि त्याचा मऊ लगदा करीत. त्यातला पहिला घास ते भिंतीच्या झरोक्यातून आत देत. राखणदार हात पसरी, घास घेई आणि खाई. ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्यावर हात उचलायचा नाही, एवढा एकच कायदा होता, आणि तो लिहून ठेवायची गरज आजवर पडली नव्हती.

नदीचं अरुंद पात्र संपून रुंद पात्र सुरू होतं त्या वळणावर जागल्या नावाचा राखणदार होता. त्याच्या झरोक्याशी सगुणा नावाची काठकरीण येई. तो अगदी पोरसवदा असताना तिने त्याच्या हातावर पहिला घास ठेवला होता.

"जागल्या, हात पुढं कर," ती म्हणायची.

"मावशी, आज आंबट झालाय."

"आंबट असला तर असू दे. खा मुकाट्याने. भिंत सांभाळायची तर अंगात काही नको का?"

त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बोटांवरचे घट्टे मात्र त्याला पाठ होते.

राखणदारांच्या आणखी दोन रीती होत्या. प्रत्येकाच्या कमरेला एक शिंग आणि खांद्याला जहाल पाण्याची पखाल असे. कुठूनही शिंग ऐकू आलं की आपलंही फुंकायचं, आवाजाकडे धावायचं आणि पखाल रिकामी करायची. पहिलं शिंग कुणी फुंकलं, का फुंकलं, हे विचारत बसायचं नाही. विचारत बसलेली राज्यं टिकत नाहीत, असं जुने राखणदार सांगत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. दुसरी रीत पुरेबाईंची होती. शत्रू संपला की त्या बाई निघत. काठीशिवाय, पखालीशिवाय, रिकाम्या हाताने. एकेका राखणदाराच्या छातीवर तळवा ठेवून त्या म्हणत, "पुरे." तळवा छातीवर पडला की हात आपोआप खाली येई आणि शिंग कमरेला जाई. राज्यात सगळ्यात मऊ काम त्यांचं होतं. त्यांच्यावाचून एकही लढाई संपली नसती.

मग एका हंगामात नदीतून परके आले.

ते खरोखरच परके होते, यात शंका नको. त्यांनी कुणाच्या हातावर घास ठेवला नाही. त्यांनी भिंतीला भोकं पाडली. जागल्याने शिंग फुंकलं आणि तो लढला. त्याच्या शेजारच्या वळणावरचा धोंडू, ज्याच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला होता, त्या लढाईत पडला. शेवटी आभाळातून एक कडू पाऊस आला आणि परके वाहून गेले. निम्मे काठकरीही त्यांच्याबरोबर वाहून गेले. पावसाला ओळख नसते. सगुणा एका कपारीत अंग चोरून बसली म्हणून वाचली.

पुरेबाई आल्या. त्यांनी जागल्याच्या छातीवर तळवा ठेवला. "पुरे, जागल्या."

जागल्याने आयुष्यात पहिल्यांदाच तो तळवा बाजूला केला. "बाई, ते पुन्हा आले तर?"

"आले तर तेव्हा बघू. आज कुणी आलेलं नाही."

"धोंडूला तुम्ही हेच सांगितलं असतं."

पुरेबाई पुढच्या राखणदाराकडे गेल्या. जागल्याने शिंग कमरेला लावलं नाही, हातातच धरून ठेवलं. परक्यांच्या अंगाला नदीचा वास होता, एवढं एकच त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जागल्याने ताक फेकून दिलं आणि ताकाचं मडकंही फोडलं. त्याने झरोका चिखलाने लिंपून टाकला.

दुसऱ्या पाण्याला सगुणा आली. तिने झरोका चाचपला. ओल्या चिखलात तिची बोटं रुतली.

"जागल्या, अरे, हे काय?"

"काही दिवस राहू दे, मावशी."

"मग घास?"

"राहू दे म्हटलं ना."

मग तिने घास भिंतीच्या पायथ्याशी ठेवला, आणि पुढलं पाणी तो वाहून घेऊन गेलं. त्या पुढच्या पाण्यालाही ती आली. ती रोज येत राहिली. जागल्याला पलीकडे तिची चाहूल लागे आणि बरंही वाटे. पण चिखल काढायला त्याचा हात धजत नसे. एकाचं पाहून दुसऱ्याने लिंपला, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. थोड्याच दिवसांत त्या वळणावर एकही उघडा झरोका उरला नाही. घासाची चव जिभेवरून हळूहळू निघून गेली. ती गेल्याचंही कुणाला कळलं नाही.

असंच एकदा भिंतीजवळ काहीतरी खुट्ट झालं आणि जागल्याने शिंग फुंकलं. वीट सरकली असेल, पाणी आपटलं असेल. शिंगाचा आवाज नदीच्या वळणावळणाने गेला, वेटोळ्यांत घुमला आणि फिरून त्याच्याच कानाशी आला. जागल्याला वाटलं, पलीकडल्या वळणावर कुणी फुंकतंय. रीतीप्रमाणे त्याने उत्तर दिलं. तेही फिरून आलं. मग शेजारच्यांनी फुंकलं, त्यांच्या शेजारच्यांनी फुंकलं. सगळे धावले, आणि शत्रू कुठे हाताला लागेना म्हणून त्यांनी भिंतीच्या दिशेने पखाली रिकाम्या केल्या.

जहाल पाणी विटेला लागलं की वीट फुगते, मग सोलते, मग रक्तासारखी पाझरते. भिंतीला खिंडारं पडली. खिंडारं पडली म्हणून नदीचं पाणी आत शिरलं. पाण्याबरोबर काठकरी आत फेकले गेले. नदीचा वास अंगावर असलेली माणसं भिंतीच्या आत! जागल्या तरी वेगळं काय म्हणणार होता? तो ओरडला, "मी सांगत नव्हतो?" आणि पुन्हा शिंगं वाजली.

पुरेबाई धावत होत्या. त्यांच्या जोडीला त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी जणी आल्या होत्या. राज्याने इतक्या कधी धाडल्या नव्हत्या. त्या छातीछातीवर तळवे ठेवत होत्या, पुरे, पुरे म्हणत होत्या. तळवे तेच होते. ते ओळखणाऱ्या छात्या उरल्या नव्हत्या.

त्या धुमाळीत जागल्याच्या अगदी पुढ्यात कुणीतरी खिंडारातून आत आलं. धडपडलं, भिंतीला धरून उभं राहिलं. नदीचा वास होता.

"जागल्या," आवाज शिंगांच्या गोंगाटात निम्माच पोचला, "आता तुझा झरोका नको मला. हात पुढं कर."

जागल्याने हात पुढे केला. त्या हातात पखालीचं तोंड होतं.

नंतर शिंगं जरा थांबली तेव्हा तो खाली बसला आणि जमीन चाचपू लागला. राखणदाराला आपण काय मारलं ते हाताने पाहावं लागतं, हीही एक रीतच. त्याच्या हाताला बोटं लागली. बोटांवर घट्टे होते. मूठ मिटलेली होती आणि तिच्यात काहीतरी मऊ होतं. त्याने ते काढून घेतलं आणि हाताला सवय होती म्हणून तोंडात टाकलं.

आंबट होतं.

घास त्याला गिळवेना, थुंकवेना. "मावशी," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग पुरेबाईंना हाका मारत भिंतीच्या कडेने फिरला. त्या भेटल्या तेव्हा त्याने स्वतः त्यांचा हात धरून आपल्या छातीवर दाबला.

"म्हणा बाई. आता म्हणा."

"पुरे, बाळा," पुरेबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या.

"अजून एकदा."

"पुरे."

त्या वेळी आभाळातून दुसरा एक पाऊस आला, झोपेचा. शिंग हातात असतानाच राखणदार जागच्या जागी झोपले. राज्यात कितीतरी दिवसांनी शांतता झाली. भिंतीच्या कामकऱ्यांनी नव्या विटा रचल्या, वाकड्यातिकड्या आणि व्रण राहिलेल्या, पण रचल्या. वरून आवाज आला, "एवढा एक घास घे." नदीला जरा जास्त पाणी आलं. उरलेसुरले काठकरी पाण्याच्या कडेला परत येऊन बसले. मात्र हा पाऊस कायमचा नव्हता. तो हळूहळू विरळ होत गेला, आणि एक दिवस जागल्याला जाग आली.

जागा झाल्यावर शिंग कमरेला लावून त्याने पहिलं काम केलं ते झरोक्यावरचा चिखल खरवडण्याचं. वाळून दगड झाला होता. नखं मोडेपर्यंत खरवडून त्याने भोक पाडलं आणि त्यातून हात बाहेर काढला. तळवा वर करून तो थांबला. पाणी आलं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. पलीकडे काठकऱ्यांची चाहूल होती. ते त्या हाताजवळ येत आणि थोडं अंतर ठेवून थांबत. त्या हाताला पखालीचा वास येत होता. तरी जागल्या हात आत घेईना. पुरेबाई त्याच्या छातीवर तळवा ठेवून शेजारी बसून राहिल्या होत्या.

"येतील," त्या म्हणाल्या. "थोडा दम धर."

तिसऱ्या पाण्याला कुणीतरी जवळ आलं. नवी, अनोळखी बोटं त्याच्या तळव्याला लागली. त्यांत काहीतरी मऊ होतं.

आणि दूर, चार वळणं पलीकडे, एक शिंग वाजलं.

जागल्याने दात घट्ट आवळले. "नाही," तो म्हणाला. "बाई, दाबून धरा." पुरेबाईंनी दोन्ही तळवे टेकले, सगळं बळ लावून टेकले. दुसरं शिंग वाजलं, तिसरं वाजलं. बाहेरचा त्याचा हात अजून पसरलेला होता. आतला हात मात्र कमरेकडे गेला. त्याने तो नेला नव्हता. तो आपला आपण गेला, आयुष्यभर जात आला होता तसा. शिंग ओठांना लागलं तेव्हा जागल्या रडत होता, आणि रडता रडताच त्याने ते फुंकलं. तळव्यावरची बोटं चटकन मागे झाली.

मग पखाली उघडल्या. नव्या विटा सगळ्यात आधी सोलल्या. नदी लाल झाली.

वरून आवाज आला, "एवढा एक घास घे गं. वरणभात आहे, अगदी मऊ केलाय."

आणि राज्याने प्रथमच दुसरा एक आवाज ऐकला. तोही वरूनच आला, पण जवळून, जणू राज्याच्याच अंगातून. अगदी बारीक होता. "नको ना, आई. खाल्लं की पोटात जळतं."

त्या वेळी नदीला पाणी आलं नाही. वाटीत चमचा ठेवल्याचा आवाज तेवढा आला. मग सगळं आभाळ किंचित खाली दबलं आणि उबदार झालं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ऊब पसरली. पुरेबाईंनी मान वर केली. तळवा होता. त्यांच्या तळव्यासारखाच, पण साऱ्या राज्याएवढा, कशालाही धक्का लागू नये इतक्या अलगद टेकलेला, हळूहळू गोल फिरणारा.

"पुरे रे देवा," वरचा आवाज म्हणाला. "पुरे आता. किती छळशील लेकराला?"

जागल्याने ते ऐकलं. पुरेबाईंनी ऐकलं. त्या वळणावरच्या प्रत्येक राखणदाराने ऐकलं आणि क्षणभर सगळे थांबले.

मग त्या तळव्याच्या बरोबर खाली, शिंग वाजलं.